फाटकातली कोरडी जागा

१

सिंदेवाहीला घर बांधायला काढलं तेव्हा रुपालीने एकच हट्ट धरला होता. वरचा मजला नको, झुंबर नको, फाटक मात्र आपोआप लागणारं हवं. सुरेंद्र हसला. लोक फाटकाला कडी लावतात, तुले मोटर पाहिजे, म्हणाला. पण कडी लावायला माणूस लागतो आणि माणूस विसरतो, हे रुपालीला स्वतःवरून पक्कं ठाऊक होतं. गॅस बंद केला की नाही हे बघायला ती बसस्टँडवरून परत आलेली बाई होती. त्यात त्यांचं घर वस्तीच्या अगदी टोकाचं. कंपाउंडपलीकडे धानाच्या बांध्या, भाताची खाचरं, आणि ती संपली की लगेच जंगल. घरात तीन वर्षांची दिव्या.

बिबट्याचं तिथे कोणाला नवल नव्हतं. वाया गेलेल्या पोराबद्दल बोलावं तसं लोक त्याच्याबद्दल बोलायचे. काल तिकडे दिसला म्हणे, परवा अमक्याचं कुत्रं नेलं म्हणे. रुपाली उमरेडची, फिजिक्सची एम.एस्सी., लग्नाआधी कॉलेजात शिकवलेली. तिची भीतीही अभ्यासू होती. बिबट्या किती उंच उडी मारतो हे तिने वाचून काढलं आणि कंपाउंडवरचे गज त्याहून उंच करवून घेतले.

फाटक आलं. रुळावरून सरकणारं, काळं, जड. रिमोट दाबला की उघडायचं आणि थोड्या वेळाने आपलं आपण लागायचं. दोन्ही खांबांवर गुडघ्याच्या उंचीला एकमेकांकडे बघणारे दोन डोळे बसवले होते. मध्ये कोणी आलं की त्या डोळ्यांना कळायचं, खांबावर लाल दिवा लागायचा, आणि लागत आलेलं फाटक थांबून मागे फिरायचं. सुरेंद्रने पहिल्या दिवशी स्वतःचा पाय मध्ये घालून दाखवला. तो आत गेल्यावर रुपालीने केरसुणी घालून पुन्हा एकदा खात्री करून घेतली.

उन्हाळा बरा गेला. पावसाने मात्र त्या फाटकाची पार दैना केली. वीज कडाडली की बोर्ड उडायचा. दमट हवेने तारांच्या टोकांना हिरवा बुरा चढायचा. एकदा मोटरीच्या डब्यात पाल शिरून चिकटून मेली, एकदा लाल मुंग्यांनी आत वारूळच केलं. दरवेळी शालिकरामभाऊ यायचे. हा माणूस पूर्वी शेतातले पंप दुरुस्त करायचा आणि आता आसपासच्या झाडून सगळ्या मोटरच्या फाटकांचा धनी झाला होता. येतो म्हणायचा त्या दिवशी कधी यायचा नाही, आणि आला की काम कमी, गप्पा जास्त.

"मॅडम, हे मशिन थंड्या देशातलं हाय," तो डबा उघडत म्हणायचा. "त्याले इथली हवा सोसत नाई. माह्या सासऱ्यासारखं. पाऊस आला का कुरकुर सुरू."

श्रावण लागता लागता फाटकाने नवीन खोड काढली. लागत यायचं, अर्ध्यावर थांबायचं आणि मागे जायचं. पुन्हा यायचं, पुन्हा मागे. सकाळी नाही, ऊन असलं की नाही. फक्त पाऊस सुरू असताना, दिवेलागणीच्या सुमाराला.

२

शालिकरामभाऊंना ऐकताक्षणीच कळलं. डोळ्याच्या काचेवर वाफ धरते मॅडम, दुसरं काय. त्यांनी दोन्ही डोळे उघडले, कापडाने पुसले, रुपालीच्या केस वाळवायच्या मशिनने आतून शेकले, कडेने पांढरं सिलिकॉन भरलं आणि फाटक पाच-सहा वेळा लावून दाखवलं. चहा घेतला, दिव्याचा गाल ओढला आणि गेले. संध्याकाळी पावसाची सर आली, आणि फाटक अर्ध्यावरून मागे गेलं.

सुरेंद्र तेव्हा कुरखेड्याला होता. बँकेने त्याला तिकडची शाखा दिली होती, त्यामुळे आठवड्यातले निम्मे दिवस त्याचा मुक्काम तिकडेच असायचा. रुपाली छत्री घेऊन स्वतःच फाटकापाशी गेली. काचेवर पाणी असेल तर पुसू, एवढाच विचार. लाल दिवा लागलेला होता. काचा स्वच्छ होत्या.

मग तिने खाली पाहिलं.

फाटकाखालचा सिमेंटचा उतार पावसाने काळा पडला होता. त्याच्या मधोमध, दोन्ही खांबांच्या बरोबर मध्ये, पाटाएवढी जागा पांढरी होती. कोरडी. वर झाड नव्हतं, छज्जा नव्हता, वायर नव्हती. चारी बाजूंनी थेंब उडत होते आणि त्या जागेच्या कडेशी येऊन थांबत होते.

रुपालीच्या डोक्याने लगेच काम सुरू केलं. सिमेंटमध्ये काही मिसळलं असेल, पाणी धरत नसेल. खालून मोटरची वायर जाते, ती तापत असेल. वाऱ्याची दिशा असेल. एकेक कारण बरं होतं. प्रत्येकाची परीक्षा घेता येण्यासारखी होती, आणि त्याला फक्त हात पुढे करावा लागणार होता. त्या जागेवर हात धरायचा आणि पाऊस लागतो का बघायचं. अशा प्रयोगाला तिने विद्यार्थ्यांना दहापैकी दहा दिले असते.

तिने हात पुढे केला नाही. छत्री मिटायचंही भान न राहता ती घरात आली आणि मग बराच वेळ स्वतःवरच चिडून बसली. एखाद्याने पाट मांडून बसावं तेवढीच ती जागा होती, हे तिला स्वयंपाक करताना सुचलं. उकिडवं बसलेल्या माणसाची छाती गुडघ्याच्या उंचीलाच येते, हे जेवताना. त्यानंतर तिला जेवण गेलं नाही.

३

दिव्याची खोली फाटकाच्या अगदी समोर होती. खिडकीखाली तिचं छोटं टेबल, तिथेच ती जेवायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रुपाली तिला वरणभात भरवत होती. दिव्याने अर्धा घास तोंडातून काढून हातावर घेतला आणि खिडकीच्या गजाशी ठेवला.

"तिले नाई देलं," ती म्हणाली.

दिव्या आजकाल असंच बोलायची. दिवसभर गोकुळाबाईंच्या मागे मागे असायची, त्यामुळे आईचं पुस्तकी मराठी तिच्या जिभेवर चढतच नव्हतं. एरवी रुपालीने हसत दुरुस्ती केली असती. आज तिने विचारलं, कोणाला? दिव्याने हनुवटीने फाटक दाखवलं. ती बसून राह्यली, म्हणाली. एवढंच. मग तिला बाहुलीची चप्पल आठवली आणि विषय संपला.

गोकुळाबाई भांडी घासत होत्या. धामणगावच्या पलीकडे जंगलात त्यांचं गाव. नवरा गेल्यापासून सुनेजवळ सिंदेवाहीत राहायच्या आणि दोन घरची कामं करायच्या. त्यांनी ऐकलं होतं. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही फाटक लावाच्या आधी इचारता का नाई?"

"कोणाला?"

"कोनालेबी. आमच्या गावात ताटी लावाच्या आधी घरची बाई भाईर तोंड करून एक डाव इचारते, कोनी रायलं का? कोनी मोहं येचाले गेलं असते, कोनी सरपनाले. रायलं असलं तर 'ओ' देते. मंग थांबतेत. पानी देतेत. न इचारता ताटी लावाची नाई."

रुपालीने समजावल्यासारखं सांगितलं की आपलं फाटक मोटरचं आहे, त्याला विचारायचं काय. हे म्हणताना तिच्या मनात आलं की खांबावरचे ते दोन डोळे दुसरं काय करतात? दरवेळी तेच तर विचारतात. कोणी राहिलं का? आणि गेले काही दिवस त्यांना उत्तर मिळतंय. हा विचार तिला इतका नावडला की तिने उठून खिडकीचा पडदा ओढला.

"तिले दिसत नाई आता," दिव्या कुरकुरली.

४

त्या आठवड्यात मागच्या ओळीतल्या एका घरची शेळी बिबट्याने अंगणातून उचलली. दिवसाढवळ्या, मालकीण कपडे वाळत घालत असताना. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वस्ती चिखलातले ठसे बघायला गेली. रुपालीही दिव्याला कडेवर घट्ट धरून गेली. ठशांची एक ओळ त्यांच्याच कंपाउंडच्या कडेने गेली होती. आणि तिचं फाटक आदल्या संध्याकाळी पाऊस थांबेपर्यंत सताड उघडं होतं.

तिने सुरेंद्रला फोन केला. तो म्हणाला की मोटर काढून टाकू, साधी कडी लावू. रुपाली म्हणाली, बघते. पण सुरेंद्रने पुढे विचारलं, अगं पण थांबतं तरी कशाने ते? काचेवर वाफ धरते म्हणे, तिने सांगितलं. कोरड्या जागेचं सांगितलं असतं तर तो दुपारच्या गाडीने आला असता आणि येताना डॉक्टरांचा नंबर घेऊन आला असता. दिव्या झाली तेव्हा रुपाली महिनोन् महिने झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून बसायची. घरच्यांना ते आठवत होतं, आणि रुपालीला आठवत होतं की त्यांना आठवतं.

तिने शालिकरामभाऊंना बोलावलं आणि तो डोळ्यांचा सेन्सरच बंद करा म्हणून सांगितलं.

"होते ना," ते म्हणाले. "दोन वायरी एकमेकाले जोडल्या का बोर्डाले वाटते, मधात कोनी नाई. मंग मधात हत्ती असो का उंदीर." मग पेचकस हातातच ठेवून त्यांनी अंगणात उड्या मारणाऱ्या दिव्याकडे पाहिलं. "पन मॅडम, घरात लेकरू हाय. हे नका करू. मी नवा सेन्सर मागवतो नागपूरवरून. आठ-पंधरा दिवस लागन."

"आठ-पंधरा दिवस फाटक उघडं ठेवू? ठसा बघितला ना तुम्ही? तिच्यावर मी लक्ष ठेवते. तेवढं एकच काम करते मी दिवसभर."

"तुमची मर्जी. माह्यं नाव नका घेऊ मंग."

हाताच्या बोटाएवढी लाल वायर होती. काम लगेच झालं.

संध्याकाळी पाऊस आला. रुपाली दारात उभी राहिली. फाटक निघालं, नेहमीच्या जागी आलं आणि थांबलं नाही. मात्र तिथे त्याचा वेग कमी झाला. भरलेल्या पेटीचं झाकण दाबून लावावं तसं ते कण्हत, रेटत पुढे गेलं आणि खटकन लागलं. ती छत्री घेऊन बघून आली. सगळा उतार सारखा ओला होता.

त्या रात्री तिला पहिल्यांदा गाढ झोप लागली. सकाळी उठून तिने शालिकरामभाऊंना फोन केला की फाटक मध्येच जड जातं. त्यांनी विचारलं, मोटरचा जोर वाढवू का? तिने एका क्षणात हो म्हटलं. दुपारी येऊन त्यांनी बोर्डावरचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवून दिला. त्यानंतर फाटक कण्हलं नाही. रुळावर काहीच नसल्यासारखं सरकत जायचं. रोज त्याच जागी एकदा फक्त बारीकसं हादरायचं.

५

ते दिवस सुखाचे होते. निदान रुपालीने तसं ठरवलं होतं. दिव्या मात्र खिडकीशी जेवेना. गोकुळाबाईंनी बोलून काही दाखवलं नाही, पण जाताना मोठ्या फाटकातून न जाता बाजूच्या लहान दारातून जायला लागल्या. रुपालीने विचारलं तर म्हणाल्या, तिकडून जवळ पडते. जवळ पडत नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारीच अंधारून आलं. जंगलाकडून वारा सुटला आणि बांध्यांमधलं धान सगळं एका अंगावर झोपलं. रुपाली मागच्या पडवीत वाळत घातलेले कपडे ओढत होती. तेवढ्यात सुरेंद्रच्या गाडीचा हॉर्न वाजला. सणासाठी तो लवकर निघाला होता. फाटक उघडलं, गाडी आत येऊन पोर्चमध्ये उभी राहिली, आणि तोवर पाऊस असा कोसळला की पोर्चपलीकडचं दिसेना.

दिव्या बापाच्या हॉर्नला धावली. ती धावणारच होती. रुपाली कपड्यांचा ढीग उराशी धरून घरातून पुढच्या दारात आली तेव्हा गाडीचं दार उघडं होतं आणि सुरेंद्र वाकून मागच्या सीटवरून पिशव्या काढत होता. दिव्या त्याच्यापाशी नव्हती. तिची एक चप्पल अंगणातल्या पाण्यावर तरंगत उताराने निघाली होती, आणि दिव्या तिच्या मागे. चप्पल रुळात जाऊन अडकली. दिव्या तिथे, दोन खांबांच्या मध्ये, उकिडवी बसली आणि चप्पल ओढायला लागली.

फाटक निघालं होतं.

रुपाली ओरडली. पावसात तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. ती धावली, पायऱ्यांवर घसरली, गुडघ्यांवर पडली, आणि पडल्या पडल्या तिने पाहिलं की आता पोचणं शक्य नाही. त्या क्षणी तिच्या मनात देव नव्हता, सुरेंद्र नव्हता. फक्त ती लाल वायर होती. आणि आपण 'हो' म्हणालो होतो ते.

फाटक थांबलं.

मोटर थांबली नव्हती. ती गुरगुरत होती, दाते खडाखड एकमेकांवर घसरत होते, जळक्या रबराचा वास पावसातून येत होता. सगळं फाटक थरथरत होतं आणि पुढे सरकत नव्हतं. त्याची लोखंडी कड आणि दिव्याची पाठ यांच्यामध्ये हातभर जागा होती, आणि त्या जागेत पाऊस पडत नव्हता. तो ओघळत होता. वळचणीवरून ओघळावा तसा, एका आकाराच्या कडेकडेने. वाकलेली पाठ. फाटकाला लावलेला एक खांदा. मागे रोवलेला पाय. मान मात्र वळलेली होती, दिव्याकडे.

मोळी डोक्यावर घेताना बाया सोडतात तसा एक लांब श्वास रुपालीला ऐकू आला. एवढ्या पावसात, एवढ्या लांबून. आणि त्याच्यामागोमाग ओला बांबू तडकावा तसा आवाज.

दिव्याची चप्पल सुटली. ती उठली, हसत अंगणात आली. तिच्या मागे फाटक धाडकन लागलं.

६

सुरेंद्रचं म्हणणं होतं की त्यानेच थांबवलं. आरशात दिव्या दिसली आणि त्याने रिमोट दाबला. हे तो ठामपणे, पुन्हा पुन्हा सांगत होता. रुपालीने मान हलवली. वायरीचं तिने त्याला त्याच रात्री सांगितलं. त्याने उशीवर मान दुसरीकडे वळवली, तेवढंच. ती बोलणी खायला तयार होऊन बसली होती, पण कोणी रागावलंच नाही.

नवा सेन्सर आला. शालिकरामभाऊंनी लाल वायर काढून रुपालीसमोर खिशात घातली. मोटरचे दाते पार झिजले होते, ते बदलावे लागले. मग फाटकाच्या कडेशी येऊन ते थबकले. कडेची जाड पट्टी एका ठिकाणी आत दबली होती. गुळगुळीत आणि खोल, मोठ्या वाटीएवढी.

"इथी गाडी लागली का काय मॅडम?"

नाही, रुपाली म्हणाली.

"मंग एवढा जोर कोनाचा? रिमोटनं थांबलं असतं तर मोटर बंद झाली असती. दाते नसते गेले." त्यांनी अंगठा त्या खळग्यात फिरवला आणि बाकी काही न विचारता कामाला लागले. त्या दिवशी ते चहाला थांबले नाहीत.

नवे डोळे उत्तम चालले. पाऊस असो, वीज असो, संध्याकाळ असो, फाटक एका दमात लागायचं. लाल दिवा एकदाही लागला नाही. रुपाली रोज छत्री घेऊन उतार बघून यायची. सगळा ओला. ज्यासाठी तिने एवढा खटाटोप केला ते तिला मिळालं होतं, आणि आता तिला ते नको होतं.

किती दिवस बसली असेल ती तिथे? आणि आपण हात पुढे केला नाही. पाणी विचारलं नाही. पोरीने अर्धा घास ठेवला तर आपण पडदा ओढला. आणि मग रोज संध्याकाळी पूर्ण जोराने लोखंड घातलं तिच्या अंगावर. रोज. आणि ती हलली नाही. हलली असती तर त्या दुपारी तिथे नसती. इथपर्यंत आलं की रुपाली विचार थांबवायची, कारण पुढचा विचार अजून वाईट होता. ती तिथे कशाची वाट बघत होती, हे आपल्याला माहीत नाही. दिव्याला वाचवायला बसली होती असं समजणं सोयीचं आहे. पण फाटकाच्या आत यायला बसली असेल तर?

एक दिवस तिने गोकुळाबाईंना विचारलं की तुमच्याकडे ते कसं विचारतात, नेमक्या कोणत्या शब्दांत. गोकुळाबाईंनी पीठ मळता मळता तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग असता तर बरं वाटलं असतं.

"आता इचारून काय करता बाई? जे भाईर हाय त्याले इचारतेत."

७

भाद्रपदातली एक संध्याकाळ. सुरेंद्र कुरखेड्याला. गोकुळाबाई काम आटपून गेल्या होत्या. दिव्या दुपारी उशिरा झोपली होती, अजून उठली नव्हती. झिमझिम पाऊस होता. घरात एवढी दमट हवा की भिंतींना हात लावला तर पाणी लागत होतं.

रुपालीने रिमोट दाबून फाटक उघडलं. तांब्याभर पाणी घेतलं. छत्री घेतली नाही. पोरीला एकटं टाकून ती कधी संडासालाही दार लावून जात नसे, पण फाटक तिथून दिसतंच, असं तिने स्वतःला सांगितलं. उतारावर जाऊन उभी राहिली आणि रस्त्याकडे तोंड करून तिने विचारलं. स्वतःचाच आवाज ऐकून तिला ओशाळल्यासारखं झालं. "कोणी राहिलं का?"

रस्त्यावर कोणी नव्हतं. बांध्यांमध्ये बेडूक ओरडत होते. तिने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. मग काय करावं ते न कळून ती तिथेच, दोन खांबांच्या मध्ये, उकिडवी बसली. तांब्या बाजूला ठेवला. घराकडे तोंड केलं. इथून काय दिसतं हे तिला बघायचं होतं. एवढं तरी बघावं, असं तिला कितीतरी दिवस वाटत होतं.

इथून सगळं घर दिसत नव्हतं. पोर्चचा खांब आणि कढीपत्त्याचं झाड मध्ये येत होतं. इथून फक्त एक खिडकी दिसत होती. तिच्यामागे छोटं टेबल. त्याच्यामागे पलंगाची कड आणि दिव्याचे दोन उघडे पाय. दुसरं काही नाही. इथे बसलेल्या माणसाला तेवढंच दिसणार आणि तेही पडदा उघडा असला तर. पावसाचं पाणी तिच्या मानेवरून पाठीत उतरत होतं, आणि रुपाली रडत होती.

फाटक वेळ झाली म्हणून निघालं. तिच्यापर्यंत आलं, खांबावर लाल दिवा लागला, थांबलं, मागे गेलं. ती उठली नाही. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. पाय जड झाले होते. एवढ्यात उठू, एवढ्यात उठू, असं म्हणत ती बसली होती.

पलंगावर पाय हलले. दिव्या उठून बसली. डोळे चोळत खिडकीपाशी आली आणि गजांना धरून तिने फाटकाकडे पाहिलं. सरळ रुपालीकडेच पाहिलं. रुपालीने हात वर केला. दिव्यानेही केला, ओळखीच्या माणसाला करतात तसा. मग ती खिडकीकडे पाठ करून घराच्या आतल्या बाजूला वळली आणि तिने हाक मारली, "आई."

रुपालीने तोंड उघडलं. तिची रोजची घाबरी ओ, ती काय झालं, काय झालं गं, घशाशी आलीही होती.

"आली वो माय, आली," आतून, स्वयंपाकघराच्या बाजूने, आवाज आला. थकलेला आवाज होता. त्यात घाई नव्हती, धाक नव्हता. खिडकीतली दिव्या त्या आवाजाकडे बघून हसली.

तीन वर्षांत रुपालीने आपल्या लेकीच्या हाकेला इतक्या शांतपणे एकदाही ओ दिली नव्हती.